मानसोपचारासोबत संमोहन: कोणाला उपयोगी आणि कधी सावध राहावे?

तंबाखू सोडायची आहे, सुईची भीती घालवायची आहे, चार लोकांसमोर बोलताना होणारी थरथर थांबवायची आहे. शपथा घेऊन झाल्या, देवासमोर नारळ ठेवून झाला, तरी जमत नाही. मग घरातले कोणीतरी म्हणते, "एकदा संमोहन करून बघ." आणि दवाखान्यात प्रश्न येतो, "डॉक्टर, याने खरंच फरक पडतो का, की नुसतेच पैसे जातील?"

थोडक्यात उत्तर असे: योग्य मानसोपचाराला जोड म्हणून संमोहन काही जणांना काही तक्रारींत मदत करते. पण "एका बैठकीत सवय कायमची सुटेल" या आश्वासनाला शास्त्रीय आधार नाही. बदल घडवण्याचे मुख्य काम मानसोपचार करतो आणि त्यातला मोठा वाटा तुमचा स्वतःचा असतो. संमोहनाने ते काम थोडे सोपे होऊ शकते.

संमोहन म्हणजे नेमके काय?

संमोहन म्हणजे झोप नव्हे आणि बेशुद्धीही नव्हे. रंगात आलेला सिनेमा पाहताना शेजारच्याने हाक मारली तरी ऐकू येत नाही, तसे मन एका गोष्टीवर गुंतते आणि बाकीचे मागे पडते. या अवस्थेत समोरच्याने दिलेली सूचना मनात जास्त ठळकपणे उमटते. त्या सूचनेचे चित्र डोळ्यांसमोर आणणेही सोपे जाते.

झोपेचा गैरसमज नावापासूनच सुरू झाला. १८४० च्या दशकात मँचेस्टरचे शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी ग्रीक भाषेतील झोपेच्या शब्दावरून 'हिप्नॉटिझम' हे नाव रूढ केले. ही झोप नसून मन एकाच कल्पनेवर केंद्रित होणे आहे, असे पुढे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी नाव बदलण्याचाही प्रयत्न केला, पण तोवर जुने नाव लोकांच्या तोंडी बसले होते.

संमोहनात तुम्हाला आवाज ऐकू येतो, तुम्ही बोलू शकता, नको वाटल्यास डोळे उघडून उठू शकता. तुम्हाला पटत नसलेली गोष्ट कोणी यंत्रासारखी करून घेऊ शकत नाही. संमोहित होण्याची क्षमता मात्र सर्वांची सारखी नसते. काही जण पटकन गुंततात, बहुतेक जण मधल्या गटात असतात आणि काहींवर फारसा परिणाम होत नाही. याचा हुशारीशी किंवा मनाच्या दुबळेपणाशी संबंध नाही.

मग मानसोपचाराची गरज का?

सवय किंवा भीती एका दिवसात तयार होत नाही. तिच्यामागे विचारांची साखळी असते. समुपदेशनात, विशेषतः सीबीटी म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याच्या उपचारपद्धतीत, ही साखळी उलगडली जाते: भीती कधी वाटते, त्या वेळी मनात काय येते, तुम्ही काय टाळता आणि टाळल्याने भीती कशी वाढते. मग छोट्या पायऱ्यांनी नवे वागणे शिकवले जाते.

संमोहन इथे सरावासाठी वापरले जाते. जी पायरी प्रत्यक्षात उद्या चढायची आहे, ती आज शांत मनाने डोळ्यांसमोर चढून पाहायची.

एक उदाहरण: इन्सुलिनच्या सुईची भीती

समजा, तुमच्या वडिलांची साखर गोळ्यांनी आटोक्यात येत नाही आणि डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितले आहे. पण सुई पाहताच त्यांना घाम फुटतो आणि ते उद्यावर ढकलतात. ही भीती क्षुल्लक नाही. साखर वाढलेलीच राहिली तर डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा यांवर परिणाम होतो.

मानसोपचारात याच्या पायऱ्या अशा असू शकतात: सुईचे चित्र पाहणे, सुई न लावलेले इन्सुलिन पेन हातात धरणे, दुसऱ्याला इन्सुलिन घेताना पाहणे, सुई पोटाच्या त्वचेला नुसती टेकवणे आणि शेवटी स्वतः इन्सुलिन घेणे. पेनाची सुई बहुधा ४ ते ५ मिलिमीटरचीच असते. ती हातात घेऊन पाहिल्यावर मनातली मोठी सुई थोडी लहान होते. प्रत्येक पायरीच्या आधी संमोहनात तीच पायरी कल्पनेत करून घेतली, तर प्रत्यक्ष करताना धडधड कमी होऊ शकते.

इथे एक महत्त्वाचा फरक आहे. बहुतेक भीतींमध्ये नाडी आणि रक्तदाब वाढतात. सुई किंवा रक्त पाहून घाबरणाऱ्या काही जणांत मात्र ते आधी वाढून मग एकदम घसरतात आणि चक्कर येते. अशा माणसाला "शरीर सैल सोडा, जड होऊ द्या" अशी सूचना सुईच्या क्षणी देणे चुकीचे ठरते. त्याला उलट स्नायू ताणायला शिकवतात: हात, पाय आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की २० ते ३० सेकंद ताण सोडायचा आणि असे चार-पाच वेळा करायचे. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास हे करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

म्हणजे तक्रार वरून सारखी दिसली तरी सूचना वेगळी द्यावी लागते. ज्याला आजार कळतो, त्यानेच संमोहन करावे याचे कारण हेच.

संशोधन काय सांगते?

१९९५ मध्ये अर्व्हिंग कर्श आणि सहकाऱ्यांनी १८ अभ्यास एकत्र तपासले. सीबीटीला संमोहनाची जोड मिळालेला सर्वसाधारण रुग्ण नुसती सीबीटी घेतलेल्या सुमारे ७० टक्के रुग्णांपेक्षा बरा निघाला. नंतर आकडेमोड पुन्हा तपासल्यावर वजन कमी करण्याबाबतचा फायदा आधी वाटला तेवढा नसल्याचे दिसले. २०२१ मध्ये झालेल्या नव्या एकत्रित तपासणीतही जोड दिल्याचा फायदा आढळला, पण तो लहान ते मध्यम स्वरूपाचा होता.

पोटाच्या आयबीएस या त्रासात पुरावा बऱ्यापैकी आहे. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यानंतर त्यावर बरेच काम झाले. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार १२ महिने औषधे घेऊनही त्रास कमी न झाल्यास सीबीटी किंवा संमोहन उपचाराचा विचार करता येतो.

धूम्रपान सोडण्याबाबत चित्र वेगळे आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात १४ अभ्यास आणि १,९२६ व्यक्तींची माहिती तपासली गेली. संमोहन इतर उपायांपेक्षा सरस असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. त्यामुळे सिगारेट, तंबाखू किंवा मिश्री सोडताना समुपदेशन आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीन गम किंवा औषधे हाच मुख्य मार्ग ठेवा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर मोफत मदत मिळते.

बैठकीत काय घडते?

पहिली एक-दोन सत्रे नुसत्या बोलण्याची असतात: तक्रार, आजार, चालू औषधे आणि तुमचे ध्येय. ध्येय मोजता येईल असे हवे. "मला आत्मविश्वास हवा" यापेक्षा "महिनाभरात ऑफिसच्या मीटिंगमध्ये दोन वाक्ये बोलायची" हे जास्त उपयोगाचे.

संमोहनाच्या सत्रात श्वासावर किंवा एका बिंदूवर लक्ष लावायला सांगतात, मग आधी ठरलेल्या सूचना देतात आणि हळूहळू पूर्ण भानावर आणतात. नंतर काय जाणवले यावर बोलणे होते. बऱ्याचदा घरी रोज १०-१५ मिनिटे करायचा स्वसंमोहनाचा सराव दिला जातो. गाडी चालवताना किंवा यंत्रावर काम करताना हा सराव करू नये. काही जणांना सत्रानंतर डोके दुखणे, गरगरणे किंवा अस्वस्थ वाटणे असा त्रास होतो. तसे झाल्यास लगेच सांगा.

कोणी सावध राहावे?

• भास होणे, कानात आवाज येणे, विनाकारण तीव्र संशय किंवा स्किझोफ्रेनिया असलेल्यांनी मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय संमोहन करून घेऊ नये.
• तीव्र नैराश्य किंवा जीव देण्याचे विचार असतील तर आधी मनोविकारतज्ज्ञ. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. जिवाला तातडीचा धोका असेल तर जवळच्या रुग्णालयात न्या आणि माणसाला एकटे सोडू नका.
• रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती अचानक थांबवली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. हे जिवावर बेतू शकते. संमोहनाच्या भरवशावर घरच्या घरी दारू बंद करू नका.
• नवी डोकेदुखी, छातीत दुखणे, वजन घटणे यांचे कारण तपासल्याशिवाय संमोहनाने दुखणे दाबू नका.
• "विसरलेल्या आठवणी काढतो", "मागचा जन्म दाखवतो" अशा सत्रांपासून दूर राहा. संमोहनात न घडलेल्या गोष्टीही खऱ्या वाटू शकतात आणि त्यावरून घरात कायमचे वितुष्ट येऊ शकते.

कोणाकडे जावे, काय विचारावे?

साधा नियम लक्षात ठेवा: जो तुमची तक्रार संमोहनाशिवायही हाताळू शकतो, त्याच्याचकडून संमोहन घ्या. म्हणजे मनोविकारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, ज्यांनी संमोहनाचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे. काही दिवसांच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर असणे पुरेसे नाही.

जाताना हे प्रश्न लिहून न्या:

• तुमचे शिक्षण आणि नोंदणी क्रमांक काय?
• संमोहनासोबत कोणता मानसोपचार देणार?
• साधारण किती सत्रे, प्रत्येकाचा खर्च किती?
• फरक पडतो की नाही हे कधी आणि कसे पाहणार?
• सत्रात माझ्यासोबत घरचे कोणी बसू शकेल का?

शंभर टक्के हमी देणारा, आधीच मोठे पॅकेज भरायला लावणारा किंवा चालू गोळ्या बंद करा म्हणणारा कोणी भेटला तर तिथून उठा. मधुमेह, रक्तदाब, फिट किंवा मानसिक आजाराची औषधे मूळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

घरच्यांसाठी

"एवढे पैसे घालवले, अजून सुधारला नाहीस?" हे वाक्य टाळा. छोटी पायरी पार पडली की ती बोलून दाखवा. वडिलांनी आज नुसते पेन हातात धरले असेल तरी ती प्रगती आहे. सरावाच्या १५ मिनिटांत टीव्ही बंद ठेवा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जबरदस्तीने कोणाला संमोहनाला बसवू नका. इच्छा नसेल तर उपयोग होत नाही आणि नुसती सीबीटी घेऊनही अनेक जण बरे होतात.

चार-सहा सत्रांनंतर ठरवलेल्या ध्येयाच्या जवळ गेल्यासारखे वाटत नसेल तर उपचारकाशी मोकळेपणाने बोला. पद्धत बदलता येते. त्यात तुमचे मन कमकुवत असल्याचा काही पुरावा नाही. या आठवड्यात सुरुवात करायची असेल तर एका कागदावर तीन ओळी लिहा: काय बदलायचे आहे, ते कधी जास्त त्रास देते आणि पहिली लहानात लहान पायरी कोणती. चालू औषधांची यादी सोबत घ्या आणि हा कागद घेऊन आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा.