रानांत न्यावयाची सुरी

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही सर्व मंडळी रावणवाडीच्या तलावावर वनभोजनास गेलों होतों. भंडाऱ्याच्या कुटुंबांस हें ठिकाण नवें नाहीं. गोवऱ्यांचा जाळ करावयाचा, पळसाच्या पानांत गुंडाळलेले पानगे त्या आरावर भाजावयाचे, वांग्याची झणझणीत भाजी करावयाची आणि तलावाकडे तोंड करून जेवावयास बसावयाचें, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. यंदा जाळ करण्याचें काम आमच्या वडील बंधूंच्या नातवानें आपणहून अंगावर घेतलें. वय वर्षें सोळा. डोक्यांत नागझिऱ्याच्या निसर्ग-शिबिराचें वेड. आणि खिशांत घरबसल्या मागविलेली एक नवी कोरी सुरी. पातें काळें कुळकुळीत, पाठीवर करवतीचे दांते, मुठीच्या टोकास होकायंत्र, शिवाय बाटलीचें बूच काढण्याची सोय. त्यानें वाळका बांबू उभा धरला, पातें त्यावर टेकविलें आणि पाठीवर दगडानें ठोका घातला. दुसऱ्याच ठोक्यास तें पातें सांध्यांत मिटलें तें थेट त्याच्या तर्जनीवर. बोटाला चार टांके पडले. हाड वांचलें ही ईश्वराची कृपा.

त्या रात्रीं घरांत पंचायत बसली. आमच्या सौभाग्यवतींचा निकाल एका वाक्याचा होता : पोरांच्या हातीं सुरी देऊंच नये. नातवानें तोंड फुगविलें. त्याची आई तेवढी हळूच म्हणाली, "काकूबाई, मी नऊ वर्षांची असतांना माझ्या आईनें मला पावशीवर बसविलें होतें. तेव्हांपासून रोज चिरतें आहें. बोट कापलें तें पहिल्या आठवड्यांत, पुढें नाहीं." या बोलण्यावर सर्वच गप्प झाले. आम्हांसही वाटलें कीं, ज्या घरांत दिवसाकाठीं दोनदां उघड्या धारेपाशीं बसून भाजी चिरली जाते, त्या घरानें सोळा वर्षांच्या मुलाला सुरीची बंदी करावी यांत कांहीं अर्थ नाहीं. चुकली होती ती निवड. तेव्हां रानांत न्यावयाची सुरी कशी असावी याचा शोध घेण्याचें काम आम्हींच पत्करलें. ती मोडकी वस्तु कोणाच्या कारखान्यांतली हें येथें सांगण्याचें कारण नाहीं. तशा शंभर ठिकाणीं मिळतात.

जन्मभर संस्कृत शिकविल्यामुळें आमचा शोध प्रथम पुस्तकांच्या कपाटाकडे वळला, याबद्दल वाचक क्षमा करतील. अमरकोशांत सुरीला छुरिका, शस्त्री, असिधेनुका अशीं नांवें आहेत. पण आम्हांस सर्वांत आवडतें तें असिपुत्री, म्हणजे तरवारीची लेक. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत तर शस्त्रांवर एक सबंध अध्यायच आहे. पात्यास 'पायना' देण्याच्या क्षार, पाणी आणि तेल अशा तीन रीति तेथें सांगितल्या आहेत. धार लावण्यास उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि लावलेली धार टिकविण्यास सांवरीच्या लांकडाची फळी असावी, असेंही म्हटलें आहे. आपल्या 'पाजवणें' या शब्दाचें नातें या पायनाशींच असावें असें आम्हांस वाटतें. तात्पर्य, तापलेलें पातें कशांत बुडवावें याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. आणि आपल्या विदर्भांत तर लोखंडाची विद्या त्याहूनही जुनी. नागपूर जिल्ह्यांतील नायकुंड येथें शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांनीं १९७८ ते १९८० या काळांत उत्खनन केलें, तेव्हां लोखंड गाळण्याची भट्टीच सांपडली. ती ख्रिस्तपूर्व काळांतली, शिळावर्तुळें रचणाऱ्या लोकांची होती.

असो. आतां मूळ मुद्दा. सुरीच्या दोन जाति : मिटणारी आणि न मिटणारी. मिटणारीचा सर्व भार एका बारीक खिळीवर असतो. फळ कापणें, दोरी तोडणें, पेन्सिलीस टोंक करणें यांस ती उत्तम. खिशांत राहते, कोणाला लागत नाहीं. परंतु तिला कुलूप पाहिजे. फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतांत १८९० च्या सुमारास ओपिनेल नांवाच्या कुटुंबानें शेतकऱ्यांसाठीं लांकडी मुठीची साधी चाकू-सुरी काढली. पुढें १९५५ मध्यें तिच्या गळ्यांत एक फिरती कडी बसविली. कडी फिरविली कीं पातें मिटूं शकत नाहीं. एवढीशी युक्ति, पण तिनें किती बोटें वांचविलीं असतील! आमच्या नातवाच्या सुरींत होकायंत्र होतें, कडी नव्हती. आणि कडी असली तरी मिटणाऱ्या सुरीवर ठोके घालावयाचे नसतात, हें त्याला कोणीं सांगितलेंच नव्हतें.

ज्यांना रानांत सरपण फोडावयाचें आहे, खुंटी तासावयाची आहे, बांबू चिरावयाचा आहे, त्यांनीं न मिटणारीच सुरी घ्यावी. तिची परीक्षा पात्यापासून करूं नये, शेंपटीपासून करावी. पात्याचा जो भाग मुठींत जातो त्याला आम्ही शेंपूट म्हणतों. तें मुठीच्या टोंकापर्यंत एकसंध गेलेलें असावें आणि दोन्ही बाजूंस लांकडाच्या फळ्या ठोकून, रिवेटनें जखडलेलें असावें. पुष्कळ देखण्या सुऱ्यांत हें शेंपूट करंगळीएवढें असतें; दोन ठोक्यांत मूठ हातांत आणि पातें झुडपांत. स्वीडन देशांतील मोरा गांवीं १८९१ पासून ज्या साध्या सुऱ्या होतात, त्यांचें शेंपूट लांकडांत दडलेलें असतें खरें, पण तें मुठींत पुरेसें खोल जातें, म्हणून त्या टिकतात. १९८२ मध्यें एका अमेरिकन चित्रपटांतील नायकानें पोकळ मुठीची, करवतीच्या पाठीची भली मोठी सुरी वापरली आणि तेव्हांपासून जगभर तिच्या नकलांचा पूर आला. मुठींत आगकाड्या आणि गळ ठेवण्यासाठीं शेंपूटच कापून टाकावयाचें, हा त्या नकलांचा न्याय. घर सजविण्यासाठीं पाया काढून घेण्यासारखेंच हें!

पातें चार ते पांच इंच पुरे. जाडी तीन-चार मिलिमीटर. पाठ सरळ आणि काटकोनी असावी. तिनें वाळक्या सालीचा कीस काढतां येतो आणि जाळ लावण्यास तो कीस फार कामाला येतो. करवतीचे दांते नकोत. ते लांकूड कापीत नाहींत आणि ठोका घालतांना आड येतात. याहून मोठें काम असेल तर त्यास सुरी नव्हे, कुऱ्हाड किंवा कोयता पाहिजे. चैत्रांत मोहफुलें वेंचावयास किंवा पुढें तेंदूपानें तोडावयास जाणारा आपल्याकडचा माणूस पहा. खांद्यावर हलकी कुऱ्हाड, कमरेस विळा. एकाच हत्यारानें सर्व कामें करण्याचा हट्ट त्यास नसतो.

पोलादाविषयीं दोन शब्द. एक जात गंजणारी, एक न गंजणारी. दुसरींत क्रोमियमचा अंश शेंकडा साडेदहाच्या वर असतो, म्हणून तिच्यावर गंज लवकर चढत नाहीं. आमच्याकडे चार महिने धानाच्या बांध्यांत पाणी आणि वर्षभर तलावांत पाणी. तेव्हां निष्काळजी माणसानें न गंजणारी जातच घ्यावी. पण साध्या पोलादास धार लवकर लागते, दगड साधा चालतो आणि गांवचा लोहार तें घडवूं शकतो. शेवटच्या कारणासाठीं आम्हीं तेंच निवडलें.

गावाबाहेर एक वृद्ध लोहार आहेत. त्यांच्याकडे आम्ही नातवास घेऊन गेलों. बोटास अजून पट्टी होती. तिच्याकडे पाहून ते नुसतें हंसले आणि कोपऱ्यांतून मालमोटारीच्या कमानीचा एक पाटा ओढून काढला. कमानीचें पोलाद वांकून पुन्हां सरळ व्हावें लागतें, म्हणून त्यांत सिलिकॉन आणि मँगनीज घालतात. मँगनीज म्हणतांच आम्हांस आमच्याच जिल्ह्यांतील तुमसर तालुक्यांतल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील खाणी आठवल्या. कोणास ठाऊक, त्या पाट्यांतला कांहीं अंश तेथूनच निघून जग फिरून परत आला असेल! लोहारदादांनीं पाटा तपासला, तडा गेलेलें टोंक बाजूस टाकलें आणि मधला तुकडा घेतला. जुन्या पाट्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, म्हणून ही निवड महत्त्वाची.

घडाई झाल्यावर त्यांनीं पातें पुन्हां भात्यावर लाल केलें आणि दोरीस बांधलेला चुंबक त्याजवळ नेला. चुंबक चिकटेनासा झाला. ही वेळ साधारण ७७० अंश सेंटिग्रेडची. त्याहून किंचित् अधिक तापवून त्यांनीं तें कढत तेलांत बुडविलें. नातवानें विचारलें, "आजोबा, पाण्यांत कां नाहीं?" उत्तर लोहारदादांनींच दिलें : "पाण्यांत लवकर थंड होतें, मग तडकतें. याला तेलच मानवतें." सुश्रुताचा विद्यार्थी होण्यास संस्कृत यावेंच लागतें असें नाहीं.

पण आतां तें पातें कांचेसारखें ठिसूळ झालेलें असतें. त्यास पुन्हां हळूहळू शेकावें लागतें आणि घासून चकचकीत केलेल्या अंगावर रंग उमटूं लागतात : प्रथम वाळक्या गवताचा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, शेवटीं निळा. धारेशीं पिवळा रंग आला कीं थांबावयाचें. पाठ मात्र निळी होऊं द्यावयाची. अशानें धार कठीण राहते आणि पाठ लवचिक. या रंगांच्या खेळांत आमचा नातू अर्धा तास देहभान विसरून बसला होता. शाळेंत आम्हीं त्याला इतकें स्वस्थ कधीं बसविलें नव्हतें.

मुठीस धावड्याचें लांकूड घेतलें. आपल्याकडे कुऱ्हाडीच्या दांड्यांस तें चालतें, मग सुरीस कां चालूं नये? त्यावर जवसाचें तेल चोळलें. तें वाळून घट्ट बसतें आणि लांकडांत पाणी शिरूं देत नाहीं. पात्यास खोबरेल. घरीं आल्यावर परीक्षा केली : वाळक्या बांबूचा पेर फोडला आणि धार उजेडांत धरून पाहिली. धार दुमडली तर पाणी कमी, खवला उडाला तर पाणी जास्त. दोन्ही झालें नाहीं.

आतां कायद्याची गोष्ट. ती पुष्कळांस ठाऊक नसते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालीं २०१६ सालीं जे नियम झाले, त्यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत धरल्या आहेत. घरगुती, शेतकीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठीं घडविलेल्या सुऱ्या यांतून वगळल्या आहेत. आमची सुरी या मापांत सहज बसते. तरीही ती कमरेस लावून बाजारांत किंवा मिरवणुकींत हिंडूं नये. सणासुदीस शस्त्रबंदीचे हुकूम निघतात, आणि पोलिसांशीं इंचांचा वाद घालण्यांत शहाणपण नाहीं. विमानांत ती हातच्या पिशवींत चालत नाहीं; सामानांत द्यावी.

पण सर्वांत मोठा धक्का नातवास पुढेंच होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमांत 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येंत धनुष्यबाण, बंदुका, गळ, जाळीं यांच्या जोडीस सुऱ्याही नांवानें घातल्या आहेत; आणि कलम ३१ प्रमाणें मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीवांचून अभयारण्यांत शस्त्र घेऊन जातां येत नाहीं. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे. २०१३ मध्यें नवेगांव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, आणि त्याच वर्षीं कोकाही अभयारण्य ठरलें. म्हणजे ज्या शिबिरासाठीं सुरीचा एवढा खटाटोप झाला, तेथेंच ती नेतां येत नाहीं! हें वाचून दाखविलें तेव्हां त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मग तेथें वांट चुकलों तर?" आम्हीं त्याच्या गळ्यांत एक शिटी बांधली, पाण्याची मोठी बाटली दिली आणि वाटाड्यास सोडून दहा पावलेंही जाणार नाहीं असें वचन घेतलें. आमच्या अनुभवानें चुकलेल्या माणसाला या तीन गोष्टी सुरीच्या आधीं लागतात.

मग सुरी कोठें वापरावी? आपल्या शेतावर, परसांत, तलावाकांठच्या वनभोजनांत. तेथें त्याला आम्हीं थोडें शिकविलें. धार अंगापासून दूर चालवावयाची. मांडीवर किंवा दोन मांड्यांच्या मध्यें धरून कांहीं कापावयाचें नाहीं; तेथील मोठी रक्तवाहिनी तुटली तर दवाखान्यापर्यंत वेळ पुरत नाहीं. हात लांब करून फिरविला असतां जेवढ्या वर्तुळांत तो पोंचतो, तेवढ्यांत दुसरें मूल नसावें. दुसऱ्यास देतांना मूठ पुढें. काम संपलें कीं सुरी म्यानांत. भुईवर टाकावयाची नाहीं. आणि कापलेंच तर स्वच्छ फडक्यानें घट्ट दाबून हात उंच धरावयाचा, आणि डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताच्या सुईचें विचारावयाचें. हें सर्व त्यानें निमूट ऐकलें. बोटावरचा वण आमच्यापेक्षां चांगला शिक्षक होता. त्याची धाकटी बहीण मात्र शेजारीं बसून सर्व ऐकत होती आणि शेवटीं म्हणाली, "मला केव्हां?" तिला पुढच्या उन्हाळ्याचा वायदा दिला आहे.

शिबिराहून तो चार दिवसांनीं परतला. वाघ दिसला नाहीं. अस्वलाच्या पंज्याचे ठसे दिसले, त्यावरच स्वारी खूष. आल्याआल्या सुरी पाहूं लागला तर ती खुंटीवर नाहीं. शोधतां ती स्वयंपाकघरांत, पावशीशेजारीं सांपडली. सुरी देऊंच नये म्हणणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनीं चार दिवस तिनेंच बंबासाठीं ढलप्या काढल्या होत्या, एक नारळही फोडला होता. धार पार गेलेली. नातवानें त्यांच्याकडे पाहिलें, त्यांनीं चुलीकडे पाहिलें. मग तो कांहीं न बोलतां परसांत गेला, दगडावर पाणी शिंपडलें आणि सुरी पाजवावयास बसला.