संगणकातली टिपणवही

माझ्या माघारी सौभाग्यवतीला विम्याच्या तारखा नि बँकेची खाती चटकन सापडावीत, एवढ्याच हेतूने ‘एनबी’ नावाची टिपणवही मुलुंडच्या आमच्या बिऱ्हाडी महिनाभर वापरून पाहिली. फुकट मिळते, आतली रचनाही कोणालाही पाहता येते. बटणे नाहीत, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. टिपणे साध्या मजकुराच्या फायलींत आपल्याच संगणकावर राहतात. एनबी उद्या बंद पडली तरी त्या कोठेही उघडतील! शिवाय ‘गिट’ प्रत्येक फेरफार जपते. खोडलेला आकडाही परत सापडतो. मराठीचे मात्र हाल. माझ्या पडद्यावर जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या शेजारच्या घरात शिरतात. फाईल तेवढी शाबूत.

सौभाग्यवतीने चार हुकूम ऐकले नि म्हणाली, “ते छापून कपाटात ठेवा बाई!”

ठेवले आहे.