सपाटीवरची सायकल

प्रवास म्हटला की बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढे डोंगर, दऱ्या, धबधबे अथवा समुद्रकिनारा यांपैकी काही तरी उभे राहते. बदनापूरपाशी यांतले काहीच नाही. जालन्याहून छत्रपती संभाजीनगराकडे निघालेल्या मनुष्यास सुमारे 20 किलोमीटरांवर हे तालुक्याचे गाव लागते. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्गही येथूनच गेला आहे. परंतु आगगाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्यास काळी जमीन, तिच्यावरची तूर-कपाशी आणि दूरवरची लिंबा-बाभळींची ओळ याखेरीज दृष्टी खिळून राहावी असे काही आढळत नाही. "इथे पाहायला आहे तरी काय?" हा प्रश्न आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. गेल्या नाताळच्या सुटीत पुण्याहून आलेल्या माझ्या पुतणीनेही तो विचारला. तेव्हा उत्तरादाखल मी माळ्यावरच्या दोन सायकली खाली उतरविल्या.

पुतणी चौदा वर्षांची. तिच्यापाशी पुण्यास स्वतःची उत्तम सायकल आहे. परंतु ती घेऊन इमारतीच्या फाटकाबाहेर पडण्याची तिला परवानगी नाही. वहिनींचे म्हणणे असे की, पुण्याच्या रस्त्यावर मुलीला सायकल देणे म्हणजे तिला मोटारींच्या चाकांखाली लोटणेच होय. एके काळी सायकलींचे शहर म्हणून पुणे साऱ्या देशास ठाऊक होते. आता तेथे स्वयंचलित वाहनांनी रस्ते व्यापून टाकले असल्यामुळे वहिनींची भीती मला अनाठायी वाटत नाही. पाहा ना, 'दुचाकी' हा शब्ददेखील आता सायकलीकडे राहिलेला नाही. तोही मोटारवाल्यांनी नेला.

सपाट प्रदेश सायकलीस किती मानवतो हे इटलीतील लोकांस विचारावे. त्या देशाच्या उत्तरेस पो नदीचे विस्तीर्ण मैदान आहे. या मैदानात फेरारा नावाचे एक जुने, तटबंदीचे शहर असून तेथील गृहिणी भाजीबाजारास जातात त्या सायकलीवरून. पुराचे पाणी शेतांत शिरू नये म्हणून पो नदीच्या काठाने उंच बांध घातलेले आहेत. त्यांपैकी उजव्या तीरावरच्या बांधावरून फेरारा प्रांतातून थेट समुद्राकडे जाणारा, शंभरावर किलोमीटर लांबीचा सायकलमार्ग केलेला आहे. त्यावर मोटारींची वर्दळ जवळजवळ नाही. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला शेते, मधूनच एखाद्या खेड्यातील चर्चचा मनोरा, एवढेच काय ते दृश्य. तरीही परदेशांतून माणसे मुद्दाम तेथे येऊन चार-चार दिवस सायकल चालवितात. आल्प्स पर्वताचे घाट शर्यतवाल्यांना लखलाभ असोत. ज्यास बोलत बोलत, आजूबाजूला पाहत जावयाचे आहे, त्यास सपाट आणि निवांत वाटच हवी.

आमच्याकडे सपाटी मुबलक आहे. निवांत वाट मात्र शोधावी लागते. जालना–संभाजीनगर रस्ता मालमोटारींनी गजबजलेला असतो, तेव्हा त्याचे नाव काढावयास नको. दुसरा समृद्धी महामार्ग. त्याचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि तो जालना जिल्ह्यातूनच जातो. परंतु त्यावर सायकलीस, फार काय मोटारसायकलीसही मज्जाव आहे. उरतात ते गावोगावचे जोडरस्ते. 2000 सालच्या डिसेंबरात सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून आणि 2015 नंतर राज्याच्या तशाच योजनेतून पुष्कळ खेड्यांना अरुंद का होईना, डांबरी रस्ता मिळाला. त्यांच्याही खाली पाणंदी आहेत. दोन्ही बाजूंस बांध आणि बाभळी असलेली ही जुनी गाडीवाट हिवाळ्यात सायकलीस फार चांगली. पावसाळ्यात मात्र तिच्याकडे फिरकू नये. आमची काळी माती ओली झाली की चाक आणि चिखलपंखा यांच्या मधे अशी गच्च बसते की चाक फिरावयाचे थांबते आणि शेवटी मनुष्यालाच सायकल खांद्यावर घ्यावी लागते. 2021 पासून 'मातोश्री' योजनेखाली अशा पाणंदी पक्क्या करण्याचे काम राज्याने हाती घेतले आहे, त्यामुळे ही अडचण हळूहळू दूर व्हावी.

आम्ही निघालो तो शनिवार होता. सकाळी सात वाजता थंडी चांगलीच बोचत होती. सोमठाण्यास जावयाचे ठरले होते, कारण या सपाटीत नजरेला टेकण्यासारखा जो थोडा उंचवटा आहे तो तेथे आहे. गडावर रेणुकामातेचे देऊळ, नवरात्रात मोठी यात्रा, आणि जवळच दुधना नदीवरील अप्पर दुधना धरण. मुख्य रस्ता सोडून आम्ही आत वळलो आणि पाच मिनिटांतच मालमोटारींचा घोष मागे पडला. नंतर कानावर आले ते साखळीचे कुरकुरणे, तुरीच्या शेंगांची खुळखुळ आणि लांब कोठे तरी चाललेला विहिरीवरचा पंप. आमच्या बाजूची तूर मी पुतणीला मुद्दाम दाखविली. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झालेल्या तुरीच्या वाणांच्या नावांत 'बीडीएन' ही अक्षरे असतात आणि ती बदनापूरचीच होत, हे ऐकून तिला मोठी मौज वाटली. घरी रोज वरणभात खाणाऱ्या मुलीने हे गाव यापूर्वी नकाशावरही शोधलेले नव्हते! पुढे मोसंबीची बाग लागली. जालन्याच्या मोसंबीस 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हेही मी सांगितले. पण तिचे लक्ष तोपर्यंत दुसरीकडे गेले होते.

समोरून मुली येत होत्या. सकाळची शाळा असल्यामुळे पाच-सहा जणी एका ओळीत, दप्तरे मागच्या कॅरिअरला बांधून, मोठमोठ्याने बोलत चालल्या होत्या. त्यांतल्या एकीने तर धाकट्या बहिणीला पुढच्या दांडीवर घेतले होते. "काका, या रोज अशा जातात?" पुतणीने विचारले. "रोज." "आणि यांच्या आया काही म्हणत नाहीत?" यावर मी काय सांगणार?

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील इयत्ता 8 वी ते 12 वीच्या, शाळेपासून 5 किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींस सायकली दिल्या जातात. बिहारमध्ये अशी योजना 2006 साली सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध केला. त्यात माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सायकलीमुळे सुमारे 32 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले, आणि शाळा 3 किलोमीटरांहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक दिसला. आकडा मोठा आहे. परंतु माझ्या मते त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. सायकल सरकार देते, वाट मात्र आधीपासून शांत असावी लागते. ज्या दिवशी हाच जोडरस्ता रुंद होऊन वाळूच्या आणि उसाच्या गाड्यांना जवळचा वाटू लागेल, त्या दिवशी याही मुलींच्या आया वहिनींसारखेच बोलू लागतील. म्हणून गावचा रस्ता पक्का व्हावा, पण रुंद होऊ नये, असे माझे मत आहे. ते आमच्या गावातील पुष्कळांना पटत नाही आणि त्यांचीही बाजू खोटी नाही. कपाशीची गाडी अडकली म्हणजे नुकसान त्यांचे होते.

धरणाच्या अलीकडे माझ्या पुढच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. या मुलुखात डोंगर चढावे लागत नाहीत, त्याचा मोबदला काट्यांच्या रूपाने द्यावा लागतो. बाभूळ चुकली तर सराटा असतोच. शेजारच्या शेतातील एका आजींनी बादलीभर पाणी दिले. पुतणीने नळी पाण्यात बुडवून बुडबुडे कोठून येतात ते शोधले, कानसपट्टीने जागा खरवडली, सोल्युशन लावले, ते कोरडे होईपर्यंत धीर धरला आणि मग ठिगळ दाबून बसविले. टायरच्या आतल्या अंगाने बोट फिरवून काट्याचे टोक काढावयाचे राहिले, तर नवे ठिगळही अर्ध्या मैलात फुटते. हे मात्र मला तिला दोनदा सांगावे लागले.

परतताना वारा समोरून आला. सपाट प्रदेशातला चढ म्हणजे वारा, आणि या चढाला उतार नसतो. घाटात श्रमानंतर विसावा मिळतो. येथे पाय सतत फिरतेच ठेवावे लागतात. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध सुमारे चौपट होतो, त्यामुळे वाऱ्याशी इरेस न पडता अंग थोडे वाकवून सावकाश जाणे बरे. शक्य तेथे जाताना वारा तोंडावर घ्यावा, येताना पाठीवर. आम्ही उलटे केले. बैठकीची उंचीही नीट हवी: टाच पॅडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. आमच्या माळ्यावरच्या सायकलीची बैठक दोन बोटे खाली होती, त्याचा हिशेब माझ्या गुडघ्यांनी दोन दिवस मागितला.

वाटेत चहाला थांबलो असता मी तिला लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत सांगितली. 1888 साली त्यांनी बंधू रामूअण्णांसह बेळगावात सायकलीचे दुकान काढले. ते सायकली विकीत आणि चालविण्यासही शिकवीत. पुढे त्याच हातांनी लोखंडी नांगर केले आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. आजूबाजूची नांगरलेली शेते पाहत तिने एवढेच विचारले, "तेव्हा मुलींना शिकवत होते का?" मला उत्तर आले नाही.

घरी पोचलो तो अकरा वाजत आले होते. वहिनींची पहिली नजर तिच्या काळ्या झालेल्या हातांकडे गेली. "पडलीस का गं?" "नाही. काकांचं पंक्चर मी काढलं." मग वहिनींनी मला रस्त्याविषयी खोदून खोदून विचारले: किती मोटारी भेटल्या, कुत्री होती का, वाटेत वस्ती किती अंतरावर आहे. मोटारी चार, असे मी सांगितले; ट्रॅक्टर मी मोजले नव्हते.

सुटी संपली. पुण्यास अजून फाटकाबाहेर परवानगी मिळालेली नाही. मे महिन्यात पुन्हा येते, असे पुतणीने कळविले आहे. वहिनीही येणार आहेत आणि त्यांच्यासाठी दांडी नसलेली सायकल मिळेल का, अशी विचारणा त्याच पत्रात आहे. मेमध्ये येथे सकाळी आठनंतर उन्हात सायकल चालविणे शक्य होत नाही, तेव्हा साडेपाचला निघावे लागेल, असे मी उलट टपाली लिहिले आहे.