अल्स्टरचे लिनन

लिनन जवसापासून निघते. विदर्भ-मराठवाड्यात तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतात तोच हा जवस, वाण तेवढे वेगळे. तेलाचे झाड बुटके, फांद्या नि बोंडे जास्त. धाग्याचे कमरेइतके उंच आणि सरळसोट. फांद्या फुटू नयेत म्हणून त्याची पेरणी दाट करतात. सुमारे शंभर दिवसांनी पीक कापत नाहीत, मुळासकट उपटतात. कापले तर धाग्याची लांबी वाया जाते.

लंडनच्या पेट्री संग्रहालयात इजिप्तमधल्या तारखानचा लिननचा अंगरखा आहे, ५,००० वर्षांहून जुना. पण लिनन म्हटले की नाव निघते ते आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टरचे. १६९८ मध्ये लुई क्रॉमेलिन हा फ्रेंच प्रॉटेस्टंट तिथल्या लिस्बर्नला आला. या धंद्याचे सगळे श्रेय त्याला देण्याची चाल आहे, ती फारशी खरी नाही. घरोघरी सूतकताई आणि माग आधीपासूनच होते.

खरे कष्ट पाण्यातले. उपटलेल्या जवसाच्या पेंढ्या साचलेल्या पाण्याच्या डबक्यात दगडांखाली दाबून कुजवत. अंबाडीचा वाख काढताना हेच करतात. जिवाणू देठातला चिकट डिंक खातात आणि धागा सुटा होतो. आठ-दहा दिवसांनी गडी डबक्यात उतरून पेंढ्या उपसत. दुर्गंधी अंगाला चिकटून राही. ते पाणी ओढ्यात सोडले की मासे मरत. मग देठ वाळवून झोडपायचे आणि लोखंडी काट्यांच्या फणीतून विंचरायचे. फणी चालवणाऱ्यांच्या छातीत धूळ बसे, दमा लागे.

विणलेले कापड मळकट असे. ते क्षाराच्या पाण्यात उकळून, आंबट ताकात बुडवून महिनोन्‌महिने हिरवळीवर पसरत. राखणीला दगडी चौक्या होत्या. अठराव्या शतकात इथल्या चोरीला फाशीची शिक्षा होती. शेवटी लाकडी ठोकळ्यांनी तासन्‌तास कुटून कापडाला चकाकी आणत.

१८२५ मध्ये प्रेस्टनच्या जेम्स के याने जवसाचे तंतू पाण्यात भिजवून यंत्रावर बारीक सूत काढण्याची रीत शोधली आणि पुढे बेलफास्टमध्ये गिरण्या उभ्या राहिल्या. कताईखात्यात वाफ, उष्मा आणि जमिनीवर पाणी. बायका-मुली अनवाणीच काम करत. अमेरिकी यादवीत (१८६१–६५) कापूस मिळेनासा झाला तेव्हा या गिरण्यांची भरभराट झाली.

लिननचा धागा ओला झाला की अधिक मजबूत होतो, पाणी पटकन शोषतो आणि त्याचे तंतू सुटत नाहीत. म्हणून काचेची भांडी पुसायचे फडके, टेबलक्लॉथ, चादरी आणि हातरुमाल लिननचे. चित्रकारांचा कॅनव्हास आणि पुस्तकबांधणीचा दोराही त्याचाच. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे लाकडी पंख याच कापडाने मढवले होते. धाग्यात लवचिकपणा नसल्याने चुण्या मात्र पडतात; इस्त्री करताना कापड किंचित ओलसर हवे.

कृत्रिम धागे आल्यावर अल्स्टरमधला हा उद्योग आटला. आता धाग्याचा जवस मुख्यतः उत्तर फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या किनारपट्टीत पिकतो. तिथे डबकी नाहीत. उपटलेले देठ शेतातच आडवे पसरतात, दव आणि पाऊस त्यांना कुजवतो आणि सगळीकडून सारखे कुजावेत म्हणून ते यंत्राने उलटतात. हुगळीकाठच्या रिशड्यासारख्या ठिकाणी भारतात लिनन विणले जाते, त्याचा कच्चा माल युरोपातूनच येतो.