सफरचंद, सेलरी आणि अक्रोड : एका थंड कोशिंबिरीचे विज्ञान

भिलाई हे लोखंडाचे नगर आहे. पूर्वी मध्य प्रदेशात आणि २००० सालापासून छत्तीसगढ राज्यात असलेल्या ह्या नगरात सोव्हिएत संघाच्या सहकार्याने पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी केले. दल्ली-राजहरा येथील खाणींतून ह्या कारखान्याला लोहखनिज मिळत आले आहे. लोहखनिज म्हणजे लोखंड व ऑक्सिजन यांचे संयुग होय. भट्टीत कोकपासून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातील ऑक्सिजन हिरावून घेतो व लोखंड मोकळे होते. ह्या क्रियेस रसायनशास्त्रात क्षपण म्हणतात.

त्याच नगरातील एखाद्या घरी कोणी सफरचंद चिरून ठेवले, तर थोड्याच वेळात त्याचा पांढरा गर तपकिरी होतो. येथे क्रिया उलट दिशेने चाललेली असते. हवेतील ऑक्सिजन फळातील द्रव्यांशी संयोग पावत असतो. त्यावर लिंबू पिळले असता ही क्रिया थोपते, कारण लिंबातील क जीवनसत्त्व तेथे क्षपणाचेच कार्य करते. भट्टीत जे प्रचंड उष्णतेत घडते त्याच जातीची क्रिया वाडग्यात थंडपणे घडते. सफरचंद, सेलरी आणि अक्रोड यांच्या साईसारख्या मऊ कोशिंबिरीत अशी कितीतरी कार्ये चाललेली असतात. ती समजली म्हणजे पदार्थ चांगला होतो. आणि भिलाईसारख्या उष्ण गावी तो निर्धोकही होतो.

पदार्थाचे मूळ

ही कोशिंबीर अमेरिकेतील आहे. न्यूयॉर्क शहरात १८९३ साली वॉल्डॉर्फ नावाचे हॉटेल सुरू झाले. तेथील भोजनगृहाची व्यवस्था ऑस्कर चर्की हा गृहस्थ पाहत असे. त्याचा पाककृतींचा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला व त्यात ही कृती आढळते. मूळ कृतीत सफरचंद, सेलरी आणि मेयोनेझ एवढ्याच वस्तू होत्या. अक्रोडाची भर पुढे पडली.

मराठी घराला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. काकडीच्या कोशिंबिरीत रसदार फोडी, दाण्याचे कूट आणि दही एकत्र येतात. येथेही रसदार व कुरकुरीत भाग, स्निग्ध बी आणि आंबट-मऊ लेप अशीच तीन अंगे आहेत. फरक आहे तो हवामानाचा. न्यूयॉर्कचा हिवाळा आणि भिलाईचा मे महिना यांत मोठे अंतर आहे. मे महिन्यात भिलाईचे दुपारचे तापमान ४२ अंश सेल्सियसच्या वर जाणे नवलाचे नाही. म्हणून मूळ कृती डोळे झाकून न उचलता तिची कारणे पाहिली पाहिजेत.

फोड काळवंडते कशी?

सफरचंदाच्या पेशीत पॉलिफिनॉल नावाची द्रव्ये एका कप्प्यात असतात, आणि त्यांवर क्रिया घडवून आणणारे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. फळ अखंड असेपर्यंत त्यांची गाठ पडत नाही. सुरी चालली की पेशी फुटतात, कप्पे मोडतात, हवा आत शिरते आणि विकर आपले काम सुरू करते. त्यातून क्विनोन नावाची द्रव्ये निर्माण होतात व ती एकमेकांस जोडली जाऊन तपकिरी रंग तयार होतो. ह्या विकराच्या रेणूत तांब्याचे अणू असतात. त्यांच्यावाचून त्याचे काम चालत नाही.

लिंबाचा रस दोन प्रकारे उपयोगी पडतो. त्याच्या आम्लतेमुळे विकर मंदावते, आणि क जीवनसत्त्व तयार झालेल्या क्विनोनचे पुन्हा मूळ द्रव्यात रूपांतर करते. मात्र हे जीवनसत्त्व खर्च होऊन संपते. म्हणून लिंबू लावलेली फोडही कायमची पांढरी राहत नाही.

लोखंडी विळीवर चिरलेल्या फळावर कधीकधी तपकिरीऐवजी निळसर काळा डाग पडतो. त्याचे कारण निराळे आहे. फळातील तुरट द्रव्ये व विळीचे लोखंड यांच्या संयोगाने तो रंग उत्पन्न होतो. हिरडा आणि लोखंडाचा क्षार यांपासून पूर्वी काळी शाई करीत, ती ह्याच तत्त्वावर. म्हणून येथे गंज न धरणाऱ्या पोलादाची धारदार सुरी घ्यावी. धार बोथट असल्यास पेशी अधिक चिरडतात व फोड लवकर काळवंडते.

शाळेत किंवा घरी हे पडताळून पाहता येते. एकाच सफरचंदाच्या तीन सारख्या फोडी घ्याव्यात. एक तशीच ठेवावी, दुसरीस लिंबाचा रस लावावा, आणि तिसरी दोन मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवून काढावी. अर्ध्या तासाने पहिली तपकिरी झालेली दिसेल, दुसरी बव्हंशी पांढरी असेल. तिसरीही फारशी रंगणार नाही, कारण उष्णतेने तिच्यातील विकर निकामी झालेले असते. पण ती मऊ पडलेली असेल. ह्यावरून कोशिंबिरीसाठी लिंबूच का पत्करावे लागते, हे ध्यानी येईल.

कुरकुरीतपणा म्हणजे पाण्याचा दाब

सेलरी ही कोथिंबीर, गाजर, जिरे, ओवा व बडीशेप यांच्या कुळातील वनस्पती होय. तिचे जाड देठ खातात. त्यांत सुमारे ९५ टक्के पाणी असते. प्रत्येक पेशी पाण्याने तट्ट फुगलेली असते आणि दातांखाली ती फुटते, तोच कुरकुरीतपणा. बाजारातून येईपर्यंत उन्हाने पाणी उडून गेले, तर देठ लवतात. असे देठ स्वच्छ थंड पाण्यात अर्धा तास ठेवले म्हणजे पेशी पुन्हा पाणी शोषून घेतात व ताठ होतात.

उलट, मीठ लावले की पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. ह्यास तर्षण म्हणतात. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालावे, हा घरोघरचा नियम ह्याच अनुभवातून आलेला आहे. येथेही मीठ असलेला लेप आधीच मिसळून ठेवल्यास तासाभरात वाडग्याच्या तळाशी पाणी साचेल, लेप पातळ होईल आणि देठ मऊ पडतील. म्हणून फोडी व लेप वेगवेगळे गार करावेत आणि जेवणास बसतानाच एकत्र करावेत.

सेलरी न मिळाल्यास कोवळ्या नवलकोलाच्या बारीक फोडी व कोथिंबिरीचे चिरलेले देठ यांनी काम भागते. नवलकोलाने कुरकुरीतपणा येतो, आणि कोथिंबीर सेलरीच्याच कुळातील असल्याने गंधाची उणीव काहीशी भरून निघते.

अक्रोड

अक्रोडाच्या गरात सुमारे ६५ टक्के स्निग्धांश असतो. त्यातील बराचसा भाग असा असतो की, हवेतील ऑक्सिजनशी त्याचा सहज संयोग होतो. मग अक्रोड खवट लागतात. उष्णता, उजेड व हवा ह्या तिन्हींमुळे ही क्रिया वाढते. उन्हाळ्यात फडताळात महिनाभर राहिलेला फोडलेला अक्रोड बहुधा खवट निघतो. तो घट्ट झाकणाच्या डब्यात, शीतपेटीत ठेवावा आणि वापरण्यापूर्वी एक तुकडा चाखून पाहावा. काश्मिरी अक्रोड सालीसह मिळत असल्यास लागतील तेवढेच आयत्या वेळी फोडणे उत्तम.

गरावरील पातळ तपकिरी सालीत तुरटपणा असतो. मंद आचेवर पाचसहा मिनिटे भाजल्याने तो सौम्य होतो व सुगंध येतो. भाजलेले अक्रोड पूर्ण निवल्यावरच घालावेत, आणि तेही सर्वांत शेवटी. एरवी ते ओल धरून मऊ पडतात.

लेप : तेल आणि पाणी यांचा समेट

मेयोनेझ हे पायस आहे. म्हणजे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्याच्या अंशात विखुरलेले असतात. त्यात तेल सामान्यतः ६५ ते ८० टक्के असते. एवढे तेल एरवी वर तरंगले असते. अंड्याच्या पिवळ्या बलकातील लेसिथिन व प्रथिने प्रत्येक थेंबाभोवती कवच करतात आणि थेंबांस एकत्र मिळू देत नाहीत. म्हणूनच तेल प्रथम थेंबाथेंबाने घालून घोटावे लागते. एकदम ओतल्यास मिश्रण फाटते. फाटलेच, तर दुसऱ्या स्वच्छ भांड्यात नवा बलक घेऊन त्यात फाटलेले मिश्रण चमच्याचमच्याने घोटावे. ते पुन्हा जमते. पायस टिकविण्यास मोहरीच्या पुडीचेही साहाय्य होते.

ह्या पदार्थातील खरा धोका कच्च्या अंड्यात आहे. अंड्यात साल्मोनेला जातीचे जीवाणू असू शकतात. लिंबू किंवा शिरका घातल्याने अंडे शिजले, असा समज चुकीचा आहे. मेयोनेझ करावयाचेच असल्यास, पहिला असो वा फाटल्यावर घेतलेला दुसरा, बलक पाणी व शिरका यांसह मंद आचेवर सतत ढवळीत ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापवावा, निववावा आणि मग तेल घालावे. ह्यासाठी तापमापक हवा. तो नसेल तर अंड्याचा मार्ग सोडून देणे शहाणपणाचे.

मराठी घरात त्यास उत्तम पर्याय आहे, तो चक्क्याचा. दह्यात दुधाच्या प्रथिनांची जाळी असते व तिच्यात पाणी अडकलेले असते. दही फडक्यात बांधून टांगले की बरेचसे पाणी निघून जाते आणि घट्ट, मऊ चक्का उरतो. दह्याच्या आम्लतेमुळे अनेक जीवाणूंची वाढ मंदावते. मात्र उन्हाळ्यात दही उघड्यावर टांगल्यास ते आंबटच होत जाते. म्हणून चाळणीत फडके घालून, खाली भांडे ठेवून, शीतपेटीतच पाणी गळू द्यावे.

दोन तासांची मर्यादा

अनुकूल उष्णतेत काही जीवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतात. ह्या वेगाने एका जीवाणूचे ३ तासांत ५१२ आणि ६ तासांत २,६२,१४४ होतील. ५ ते ६० अंश सेल्सियस ही त्यांच्या वाढीस सोयीची मर्यादा मानली जाते. म्हणून असे अन्न शीतपेटीबाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये. हवा ३२ अंशांहून उष्ण असेल तर एका तासाहून अधिक नाही. भिलाईत वर्षातील बराच काळ हा दुसरा नियमच लागू पडतो.

वासावरून किंवा चवीवरून अन्नाची परीक्षा करणे येथे पुरेसे नाही. हातावरून अन्नात येणारे काही जीवाणू असे विष निर्माण करतात, की जे अन्न पुन्हा तापवूनही जात नाही आणि जिभेला कळतही नाही. समारंभात सकाळी कालवून संध्याकाळपर्यंत उघड्यावर ठेवलेली कोशिंबीर म्हणूनच घातक ठरू शकते. लहान मुले, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांना हा त्रास अधिक होतो. पाहुण्यांना वाढण्यापूर्वी आणखी एक विचारपूस आवश्यक आहे : अक्रोड व सेलरी ह्या दोहोंचीही काही व्यक्तींना तीव्र ॲलर्जी असते.

कृती

चार माणसांसाठी तीन मध्यम सफरचंदे, सेलरीचे तीनचार देठ, अक्रोडाचा गर ६० ग्रॅम, चक्का १५० ग्रॅम, साय दोन मोठे चमचे, लिंबाचा रस एक मोठा चमचा, मोहरीची पूड पाव लहान चमचा, आणि मीठ, साखर व मिरपूड चवीपुरती घ्यावी.

प्रथम हात, सुरी व पाट स्वच्छ धुवावेत. सफरचंदे व सेलरी पिण्याच्या पाण्याने धुवावीत. देठांच्या खोबणीत माती अडकलेली असते, ती बोटाने चोळून काढावी. देठांच्या बाहेरील जाड शिरा सोलून टाकाव्यात व आडवे बारीक काप करावेत. आडव्या छेदाने उरलेल्या शिरा आखूड होतात व दातांत अडकत नाहीत. सफरचंदाच्या सालीसह अंगठ्याच्या पेराएवढ्या फोडी करून त्यांस लगेच अर्धा लिंबाचा रस चोळावा. दोन्ही झाकून शीतपेटीत ठेवावे.

चक्का, साय, मोहरी, साखर, मिरपूड व उरलेला लिंबाचा रस हलक्या हाताने फेटावा व तोही गार करावा. पाने मांडली म्हणजे लेपात मीठ घालून फोडी व देठ त्यात कालवावे. वरून भाजलेल्या अक्रोडाचे तुकडे पेरून लगेच वाढावे. बाहेर राहून गेलेला भाग दुसऱ्या वेळेसाठी जपून ठेवू नये.

हे करण्यास उत्तम काळ डिसेंबर-जानेवारीचा. तेव्हा कोवळी सेलरी मिळण्याचा संभव अधिक, आणि भिलाईची हवाही सुखद असते. उन्हाळ्यात कोशिंबीर करू नये असे नाही. पण तेव्हा घड्याळाकडे लक्ष हवे. भट्टीवरील कामगार उष्णता आणि वेळ यांचे भान क्षणभरही सोडीत नाही. स्वयंपाकघरातही तेच भान ठेवले, तर थंड देशातील हा पदार्थ उष्ण गावीही पांढरा, कुरकुरीत आणि निर्धोक राहतो.