सरकार नको, नियमांचं पुस्तक हवं!

अमेरिकेत दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या तिकिटासाठी झुंबड उडते, आणि त्या गर्दीत एखादा तरी लिबर्टेरियन वळणाचा गडी असतोच. सरकारचा हात आमच्या खिशात नको, नाक आमच्या घरात नको आणि फौज दुसऱ्याच्या देशात नको, असं म्हणणारा. तिकीट त्याला मिळत नाही. किस्से मात्र त्याच्याइतके कुणाकडे नसतात. गंमत म्हणजे कायदेकानूंचा सगळ्यात जास्त तिटकारा असलेली ही मंडळी पक्षाची नियमावली मात्र सगळ्यांपेक्षा बारकाईनं वाचतात.

टेक्सासचे रॉन पॉल हे या गोतावळ्याचे आजोबा. पेशानं प्रसूतितज्ज्ञ. हातून 4,000हून जास्त बाळंतपणं झालेली. 15 ऑगस्ट 1971 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलर आणि सोन्याची गाठ तोडली, तेव्हा डॉक्टरांचं डोकं फिरलं आणि ते राजकारणात उतरले. राज्यघटनेत लिहिलेलं नाही त्याला मत नाही, हा खाक्या. त्यामुळे संसदेत नाव पडलं ‘डॉक्टर नो’. 1999 मध्ये वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या रोझा पार्क्स यांना संसदेचं सुवर्णपदक द्यायचा ठराव आला. 424 मतं बाजूनं, विरोधात एक. तो एक कोण, हे सांगायला नकोच. त्याआधी मदर तेरेसांच्या पदकालाही त्यांनी नकार दिला होता. बाईंबद्दल आदरच आहे, पण पैसा जनतेचा का? प्रत्येक खासदारानं स्वतःचे 100 डॉलर काढावेत, मीही काढतो, असं त्यांचं म्हणणं. पाकिटं काही बाहेर आली नाहीत.

2007 साली हेच आजोबा रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटासाठी उभे राहिले, तेव्हा वय 71. आणि त्यांच्यामागे धावली कोण, तर इंटरनेटवरची पोरं! ब्रिटिश पार्लमेंट उडवायला निघालेल्या गाय फॉक्सचा दिवस, म्हणजे 5 नोव्हेंबर, या पोरांनी मुद्दाम निवडला आणि एका दिवसात 40 लाख डॉलरहून जास्त देणग्या जमवल्या. प्रकाराचं नाव ‘मनी बॉम्ब’. पुढचा बार 16 डिसेंबरला, ब्रिटिशांचा चहा समुद्रात फेकणाऱ्या बोस्टन टी पार्टीच्या दिवशी: सुमारे 60 लाख. या देणग्यांच्या खटपटीत प्रचार कार्यालयाचा हात नव्हता, समर्थकांनी परस्परच उरकलं. त्यांनीच वर्गणी काढून एक हवाई फुगा, चांगला विमानाएवढा, आकाशात सोडला. त्यावर मजकूर काय? रॉन पॉल कोण ते गुगल करा!

खरी करामत मात्र 2012 ची, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. आयोवा राज्यात ‘कॉकस’ होतं, म्हणजे गावोगावच्या शाळांत, सभागृहांत संध्याकाळी कार्यकर्ते जमतात, भाषणं होतात, चिठ्ठ्या टाकल्या जातात. त्या रात्री मिट रॉम्नी 8 मतांनी जिंकले असं जाहीर झालं. दोन आठवड्यांनी फेरतपासणीत रिक संटोरम 34 मतांनी पुढे निघाले. रॉन पॉल तिसरे. वर्तमानपत्रांनी पहिल्या-दुसऱ्याचं भांडण चघळलं आणि पुढच्या राज्याची वाट धरली. पण त्या चिठ्ठ्या कुणालाच बंधनकारक नव्हत्या! चिठ्ठी टाकून बहुतेक लोक थंडीत घरी गेले. पॉल यांची पोरं खुर्ची धरून बसली, कारण जिल्ह्याच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी त्यानंतर निवडले जातात, हे त्यांनी वाचून ठेवलं होतं. जिल्ह्यातून मतदारसंघ, मतदारसंघातून राज्य, अशी एकेक पायरी चढत ऑगस्टमध्ये टॅम्पाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाच्या 28 पैकी 22 प्रतिनिधींनी मत दिलं ते तिसऱ्या आलेल्या रॉन पॉलना. आपल्याकडे एखाद्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत शेवटच्या विषयापर्यंत बसून राहणारा सभासद किती महागात पडतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याची चव लगेच कळेल.

पक्षश्रेष्ठींनाही कळली. मेन राज्यातून आलेल्या पॉल समर्थकांपैकी निम्म्यांची पदं अधिवेशनातच काढून घेण्यात आली, बाकीचे संतापून बाहेर पडले. उमेदवाराचं नाव पुढे यायला पाच राज्यांचं पाठबळ लागायचं, ती अट पुढच्या वेळेसाठी आठ राज्यांतल्या बहुमतावर नेली. एका म्हाताऱ्याला अडवायला एवढी डागडुजी!

धाकटी पाती म्हणजे रॉन पॉल यांचे चिरंजीव रँड पॉल. नाव लेखिका आयन रँडवरून ठेवलं, ही लोकप्रिय थाप आहे. मूळ नाव रँडल, घरी रँडी, आणि बायकोनं छाटून केलं रँड. हेही डॉक्टर, पण डोळ्यांचे. 2016 मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षपदही हवं होतं आणि केंटकीची सिनेटची जागाही सोडायची नव्हती. पण राज्याचा कायदा म्हणतो, एका मतपत्रिकेवर एका माणसाचं नाव दोनदा नको. उपाय? राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षानं मार्चमध्ये वेगळं कॉकसच घ्यावं. पक्षानं खर्चापोटी अडीच लाख डॉलर भरून घेतले. 5 मार्चला कॉकस झालं. रँडसाहेबांनी 3 फेब्रुवारीलाच माघार घेतली होती. त्या मांडवात जिंकले डोनाल्ड ट्रम्प.

न्यू मेक्सिकोचे माजी गव्हर्नर गॅरी जॉन्सन यांची गोष्ट वेगळी. सुरुवात घरोघरच्या किरकोळ दुरुस्त्यांपासून, पुढे मोठी बांधकाम कंपनी, पुढे राज्य, आणि 2003 मध्ये एव्हरेस्ट. 2011 मध्ये रिपब्लिकन वादसभांना त्यांना जेमतेम दोनदा बोलावलं. त्यातल्या एकीत ते म्हणाले, फावडं उचलताच सुरू होतील अशा कामांचं ओबामा सरकार सांगतं, पण माझ्या शेजाऱ्याच्या दोन कुत्र्यांनी फावड्याची कामं त्याहून जास्त निर्माण केलीत. सभागृह लोळलं. तिकीट नाहीच. मग ते लिबर्टेरियन पक्षात गेले. 2016 मध्ये टीव्हीवर सीरियातल्या युद्धग्रस्त शहराबद्दल ‘अलेप्पोचं काय करणार?’ असं विचारल्यावर ‘अलेप्पो म्हणजे काय?’ असा प्रतिप्रश्न करून बसले आणि तरीही जवळपास 45 लाख मतं घेऊन गेले. पक्षाचा तो आजवरचा उच्चांक.

त्याच निवडणुकीत 81 वर्षांचे रॉन पॉल घरी बसून होते. टेक्सासच्या एका निर्वाचकानं, म्हणजे राज्याच्या वतीनं राष्ट्राध्यक्षासाठी शेवटचं मत टाकणाऱ्या प्रतिनिधीनं, ट्रम्पऐवजी त्यांना मत दिलं. उमेदवारी नाही, प्रचार नाही, फुगा नाही, आणि निर्वाचक मंडळाचं एक मत खात्यात! या खोडीची परंपरा जुनी आहे. 1972 मध्ये व्हर्जिनियाचे रॉजर मॅकब्राइड यांनी निक्सनना द्यायचं मत नवख्या लिबर्टेरियन जोडीला दिलं. त्यामुळे टोनी नेथन या निर्वाचक मत मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. हेच मॅकब्राइड पुढे स्वतः उमेदवार झाले, आणि ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ ही मालिका टीव्हीवर आणण्यातही त्यांचाच वाटा होता.

आणि मे 2024. ट्रम्प स्वतः लिबर्टेरियन अधिवेशनात आले. मलाच उमेदवारी द्या, नाहीतर दर चार वर्षांनी तुमचे ते 3 टक्के घेत बसा, असं सुनावून गेले. टाळ्यांपेक्षा हुर्यो मोठी होती. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांच्या नावानं सहा चिठ्ठ्या निघाल्या, पण उमेदवारीचा अर्जच भरलेला नाही म्हणून ते अपात्र! या पक्षात ‘यांपैकी कुणीही नाही’ हा पर्याय कायम मतपत्रिकेवर असतो. सातव्या फेरीपर्यंत बाकीचे सगळे गळाले आणि शेवटची लढत झाली चेस ऑलिव्हर विरुद्ध ‘कुणीही नाही’. ऑलिव्हर जिंकले, पण समोरच्या ‘कुणीही नाही’नंही तिसऱ्या हिश्शाहून जास्त मतं खेचली. नोव्हेंबरमध्ये ते 3 टक्केही आले नाहीत. अर्धा टक्काही नाही.