माजाचं इंजेक्शन मागण्याआधी 'पीतपिंड' समजून घ्या: दूध धंद्याचं 21 दिवसांचं गणित



दूध धंदा सुरू करायचा म्हटलं की बहुतेक जण तीन आकडे विचारतात. गाय केवढ्याला, दूध किती लिटर आणि डेअरीचा दर काय? चौथा आकडा मात्र फारच कमी जण विचारतात: व्यायल्यानंतर गाय पुन्हा किती दिवसांनी गाभण राहते? खरं सांगायचं तर धंदा फायद्यात की तोट्यात, हे बऱ्याचदा याच आकड्यावर ठरतं. आणि हा आकडा ज्याच्या हातात असतो, तो सुपारीएवढा छोटा गोळा गाईच्या अंडाशयावर बसलेला असतो. त्याचं नाव पीतपिंड.

पीतपिंड म्हणजे नक्की काय?

गाय माजावर येते तेव्हा अंडाशयावर एक पाण्याचा फोड वाढलेला असतो. माज संपल्यावर साधारण 10 ते 12 तासांनी तो फुटतो आणि बीज बाहेर पडतं. फुटलेल्या जागी उरलेल्या पेशी रूप बदलतात आणि त्यांचा एक भरीव गोळा तयार होतो. गाईत तो पिवळसर-केशरी दिसतो, म्हणून पीतपिंड. म्हशीत तो फिकट, राखाडी-गुलाबी असतो, पण काम तेच.

काम एकच: प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक बनवणं. हे संप्रेरक गर्भाशयाला गर्भासाठी तयार ठेवतं आणि पुढचा माज रोखून धरतं. म्हणजे पीतपिंड चालू, तर माज बंद.

या गोळ्यात दोन प्रकारचे कामगार आहेत. छोट्या पेशी मेंदूखालच्या ग्रंथीतून येणाऱ्या 'एलएच' संप्रेरकाचा हुकूम आला की जोरात काम करतात. मोठ्या पेशी हुकमाची फारशी वाट न बघता सतत माल काढतात, आणि प्रोजेस्टेरॉनचा मोठा वाटा त्यांचाच असतो.

16 ते 18 वा दिवस: फैसल्याचा दिवस

माजाचा दिवस शून्य धरा. पहिले पाच दिवस पीतपिंड बांधला जातो. सहाव्या दिवसापासून तो पूर्ण जोमात येतो. सोळाव्या दिवसाच्या आसपास गर्भाशय जणू विचारतं, 'आत कोणी आहे का?'

गर्भ असेल, तर तो इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडून निरोप देतो की मी आहे, कारखाना चालू ठेवा. मग पीतपिंड टिकतो आणि गाय गाभण राहते.

निरोप आला नाही, तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडतं. ते जवळच्या शिरेतून शेजारच्या धमनीत झिरपून थेट अंडाशयात पोहोचतं. त्यामुळे पीतपिंडाच्या मोठ्या पेशी ऑक्सिटोसिन सोडतात, आणि ऑक्सिटोसिनमुळे गर्भाशय आणखी प्रोस्टाग्लँडिन सोडतं. एकदा हे चक्र फिरलं की दिवसभरातच प्रोजेस्टेरॉन कोसळतं. दोन-तीन दिवसांत गाय पुन्हा माजावर. हेच आपलं 21 दिवसांचं घड्याळ.

आता इंजेक्शनची गोष्ट

गावात ज्याला 'माजाचं इंजेक्शन' म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच प्रोस्टाग्लँडिन असतं. ते माज 'आणत' नाही. ते पीतपिंड मोडतं आणि मग माज आपोआप येतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण 'गाय माजावर येत नाही' या एकाच तक्रारीमागे चार वेगळी कारणं असू शकतात:

1. माज येऊन गेला, आपल्याला दिसला नाही. पीतपिंड तयार आहे. इथे इंजेक्शन लागू पडतं, साधारण 2 ते 5 दिवसांत माज दिसतो. पण पीतपिंड पाच दिवसांपेक्षा कोवळा असेल, तर तो दाद देत नाही.

2. अंडाशयच थंड आहे. व्यायल्यावर गाय खंगली, खुराक कमी पडला, तर पीतपिंडच नसतो. मोडायलाच काही नाही, मग इंजेक्शन वाया. इथे आधी आहार, खनिज मिश्रण आणि जंतनिर्मूलन बघायला हवं.

3. गर्भाशयात पू आहे. पीतपिंड अडून बसलेला असतो. इथे हेच इंजेक्शन उपचार म्हणून वापरतात, पण ते डॉक्टरांनी तपासूनच.

4. गाय गाभण आहे! इथे तेच इंजेक्शन गर्भपात घडवतं. चार महिन्यांची गाभण गाय असेल तर ते चार महिने, वासरू आणि पुढचं वेत, सगळं एका सुईत गेलं.

बाहेरून चारही गाई सारख्याच दिसतात. म्हणून नियम एकच: तपासणी आधी, सुई नंतर. हाताने गाभण तपासणी साधारण 60 दिवसांनंतर होते, सोनोग्राफीने महिन्याभरातच कळतं. आणि हो, काही गाभण गाई माजाची लक्षणंही दाखवतात. 'उलटली वाटतं' म्हणून घाई करू नका.

शेळीपालन करणाऱ्यांनी तर जास्तच जपा. शेळीचा गर्भ पूर्ण पाच महिने पीतपिंडाच्याच जिवावर असतो, त्यामुळे गाभणपणात कधीही हे औषध गेलं तरी धोका आहे.

अजून एक. हे औषध माणसाच्या कातडीतूनही शरीरात जातं. घरातल्या गरोदर बाईने आणि दम्याचा त्रास असलेल्याने बाटलीला हातसुद्धा लावू नये.

गणित मांडूया

समजा एका गाईचा चारा-खुराक दिवसाला 200 रुपये. एक माज चुकला म्हणजे 21 दिवस पुढे ढकलले. 21 × 200 = 4,200 रुपये. हे दिवस शेवटी भाकड काळात जमा होतात, म्हणजे खाणं चालू आणि दूध बंद. दहा गाईंचा प्रत्येकी एकच माज चुकला, तरी 42,000 रुपये. तुमच्या गोठ्याचा खरा खर्च टाकून हे गणित स्वतः करून बघा.

मोठ्या गोठ्यात ओव्हसिंक नावाची पद्धत वापरतात: पहिल्या दिवशी जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि मग ठरल्या वेळी रेतन. माज बघत बसावं लागत नाही. पण हीसुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, आणि खंगलेल्या गाईवर पैसे घालण्याआधी तिची तब्येत सुधारा.

या आठवड्याचं काम

- एक वही करा. प्रत्येक जनावराचं पान वेगळं: व्यायल्याची तारीख, माजाच्या तारखा, रेतनाची तारीख, तपासणीचा निकाल.
- रेतनानंतर 18 ते 24 व्या दिवसापर्यंत सकाळी लवकर आणि रात्री उशिरा जनावर नीट बघा. म्हशीचा माज मुका असतो, तिथे दुप्पट लक्ष.
- माज सकाळी दिसला तर रेतन संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.
- डॉक्टर आले की 'इंजेक्शन द्या' म्हणू नका. 'पीतपिंड आहे का, बघून सांगा' असं म्हणा.

गाय विकत घ्यायला कर्ज मिळतं, शेड बांधायला अनुदान मिळतं. गेलेले 21 दिवस मात्र कोणतीच बँक परत देत नाही. वही आजच सुरू करा!